फोटो, कागद, हिशेब वर्षानुवर्षे जपायचे तर… पेनड्राइव्ह, हार्ड डिस्क की एसएसडी? घ्या सविस्तर माहिती

जामनेर : घरातले लग्न, बाळाचे बारसे, मोजणीच्या वेळी काढलेले बांधाचे फोटो, बचत गटाचे हिशेब, आजीच्या आवाजात रेकॉर्ड केलेली कानबाईची गाणी. हे सगळे आता मोबाईलमध्येच असते. मोबाईल मात्र तीन-चार वर्षांत बदलतो, कधी विहिरीत पडतो, कधी बाजारात चोरीला जातो. मग कोणी पेनड्राइव्ह घेतो, कोणी मेमरी कार्ड, कोणी शहरातून हार्ड डिस्क आणतो आणि कपाटात ठेवून निर्धास्त होतो. पाच वर्षांनी लावून बघितले की स्क्रीनवर एकच ओळ येते : ‘ड्राइव्ह फॉरमॅट करा’.

कोणते साधन किती टिकते, घेताना काय बघायचे, आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ते कसे सांभाळायचे, याची ही माहिती. घरगुती वापरासाठी तर ती आहेच, शिवाय फोटो स्टुडिओ, सेवा केंद्र, दूध संस्था आणि बचत गट चालवणाऱ्यांनाही उपयोगी पडेल.

थोडक्यात

- कोणताही ड्राइव्ह कायमचा टिकत नाही. त्यामुळे एकावर भरवसा ठेवू नये.
- साध्या घरासाठी १ टीबीच्या दोन पोर्टेबल हार्ड डिस्क, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांच्या, हा स्वस्त आणि भरवशाचा मार्ग.
- पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड फक्त ने-आण करण्यासाठी.
- दोन प्रती एकाच घरात ठेवू नयेत.
- वर्षातून दोनदा ड्राइव्ह लावून, फायली उघडून बघाव्यात.

आधी ठरवा : जपायचे काय?

सगळेच जपायला गेले की काहीच जपले जात नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचे ‘शुभ सकाळ’चे फोटो आणि फॉरवर्ड व्हिडिओ काढून टाकले तरी निम्मा मोबाईल मोकळा होतो. उरलेल्याचे दोन भाग करा.

पहिला भाग, जे पुन्हा मिळू शकते. सातबारा, आठ-अ, फेरफार हे डिजिटल स्वाक्षरीसह महाभूमीच्या संकेतस्थळावरून पुन्हा काढता येतात. आधार, वाहन परवाना, अनेक वर्षांच्या गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये मिळतात. यांची एक प्रत जवळ असावी, पण हरवली तर आभाळ कोसळत नाही.

दुसरा भाग, जे पुन्हा कधीच मिळणार नाही. वारलेल्या माणसाचा आवाज, लग्नाचे फोटो, जुन्या घराचे, जुन्या बैलजोडीचे फोटो, घरातल्या घरात झालेल्या वाटणीचे कागद, उसनवारीच्या चिठ्ठ्या, संस्थेची हिशेबाची फाईल. खरी काळजी याच भागाची घ्यायची. एक लक्षात ठेवा, वाटणीपत्र, खरेदीखत अशा कागदांचा फोटो काढला म्हणून मूळ कागदाचे काम संपत नाही. कोर्टकचेरीत मूळ कागदच मागतात. फोटोचा उपयोग दस्त क्रमांक, तारीख आणि कार्यालय शोधायला होतो.

किती जागा लागेल?

मोबाईलचा एक फोटो साधारण ३ ते ५ एमबीचा असतो. ४ एमबी धरला तर १ टीबीमध्ये सुमारे अडीच लाख फोटो मावतात. व्हिडिओ मात्र जागा खातो. साध्या फुल एचडी व्हिडिओला मिनिटाला १०० ते १५० एमबी लागतात, म्हणजे तासाला ७ ते ८ जीबी. फोर-के व्हिडिओला त्याच्या सुमारे तिप्पट.

साध्या कुटुंबाला ५०० जीबीसुद्धा पुरते. पण ५०० जीबी आणि १ टीबी यांच्या किमतीत फारसा फरक नसतो, म्हणून १ टीबी घेतलेली बरी. लग्नाचे शूटिंग करणाऱ्या स्टुडिओला मात्र एका हंगामात २ ते ४ टीबी लागू शकते.

आणखी एक गोष्ट. १ टीबीचा ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला की ९३१ जीबीच दिसतो. यावरून दुकानात वाद होतात. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, त्यामुळे आकडा कमी दिसतो. यात फसवणूक नाही.

कोणते साधन किती भरवशाचे?

पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड : लग्नाचे शूटिंग आता बहुतेक ठिकाणी पेनड्राइव्हमध्येच मिळते आणि तो पेनड्राइव्ह दागिन्यांच्या डब्यात जातो. इथेच चूक होते. पेनड्राइव्ह आणि कार्डमध्ये माहिती विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपात साठते. वर्षानुवर्षे वीज मिळाली नाही की हा भार हळूहळू कमी होतो. स्वस्त पेनड्राइव्हमध्ये चिप कोणत्या दर्जाची वापरली, हे वरून कळत नाही. शिवाय तो लहान असल्याने हरवतो, वाकतो, धुण्यात जातो. फोटोग्राफरकडून पेनड्राइव्ह हातात पडला की त्याच आठवड्यात त्यातले सगळे हार्ड डिस्कवर उतरवून घ्या.

हार्ड डिस्क : हिच्यात फिरणाऱ्या चकत्या असतात आणि माहिती चुंबकीय खुणांनी लिहिली जाते. नुसती ठेवून दिली तरी या खुणा बरीच वर्षे टिकतात. एका जीबीमागे खर्चही सगळ्यात कमी येतो. म्हणून दीर्घकाळाच्या साठवणीसाठी आजही हार्ड डिस्कच पहिली निवड आहे. कमजोरी एकच, ती नाजूक असते. चालू असताना टेबलावरून पडली, धक्का लागला, तर वाचणारी सुई चकतीवर घासते आणि सगळे संपते.

हार्ड डिस्क किती खराब होतात, याचे आकडे अमेरिकेतली बॅकब्लेझ ही क्लाउड कंपनी २०१३ पासून जाहीर करते. तिच्याकडे लाखो हार्ड डिस्क रात्रंदिवस चालतात. अलीकडच्या वर्षांत त्यातल्या शंभरामागे साधारण एक ते दोन दर वर्षी बंद पडल्या. तेही वातानुकूलित खोलीत, स्थिर विजेवर. म्हणजे चांगल्या कंपनीची डिस्क बहुधा टिकेल, पण तुमच्या हातातली नेमकी कोणती ते कोणी सांगू शकत नाही. चार-पाच वर्षे झाली की नवी घेऊन त्यावर सगळे उतरवावे आणि जुनी जादा प्रत म्हणून ठेवावी.

एसएसडी : यात फिरणारा भाग नसतो. खिशातून, मोटारसायकलवरून नेली तरी चालते. वेगही हार्ड डिस्कच्या कितीतरी पट. किंमत मात्र जास्त. रोजच्या कामाला, लॅपटॉपमध्ये टाकायला एसएसडी उत्तम. पण वर्षानुवर्षे कपाटात बंद ठेवायला ती तितकी योग्य नाही, कारण तिच्यातही पेनड्राइव्हसारखाच विजेचा भार असतो.

जेडेक ही चिप उद्योगाची मानके ठरवणारी संस्था आहे. तिच्या मानकाप्रमाणे घरगुती वापराच्या एसएसडीने, तिचे लिहिण्याचे आयुष्य पूर्ण वापरून झाल्यावर, ३० अंश तापमानात वीज नसताना १ वर्ष माहिती टिकवली पाहिजे. नवी, कमी वापरलेली एसएसडी याहून बरीच जास्त टिकते. पण तापमान वाढले की ही मुदत घटते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या खोलीत आणखी वर. त्यामुळे एसएसडी घेतलीच असेल तर दर तीन-चार महिन्यांनी कॉम्प्युटरला लावून थोडा वेळ चालू ठेवावी.

डीव्हीडी आणि एम-डिस्क : वीस वर्षांपूर्वी लग्नाची सीडी-डीव्हीडी मिळायची. साध्या डीव्हीडीवर रंगद्रव्याचा थर असतो, तो उन्हाने आणि उष्णतेने उडतो. घरात अशा जुन्या डीव्हीडी असतील तर आजच हार्ड डिस्कवर घ्या, कारण डीव्हीडी वाचणारे कॉम्प्युटरही आता दुर्मीळ झाले आहेत. एम-डिस्क नावाची खास डिस्क रंगद्रव्याऐवजी खनिजासारख्या थरावर लिहिते आणि खूप टिकाऊ मानली जाते. पण तिला चालणारा रायटर लागतो आणि जागा कमी. निवडक शे-दोनशे फोटो आणि कागदांसाठी ठीक, सगळ्या व्हिडिओंसाठी नाही.

क्लाउड : गुगल खात्यात १५ जीबी फुकट मिळतात. पण त्यातच जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो सगळे मोजले जाते. १ जून २०२१ पासून गुगल फोटोजचा फुकट अमर्याद साठा बंद झाला आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअपही आता याच १५ जीबीत धरला जातो. खाते भरले की ईमेल येणेही बंद होते. दोन वर्षे खाते अजिबात वापरले नाही तर गुगल ते काढून टाकू शकते. वारलेल्या वडिलांच्या खात्यातले फोटो असेच जाऊ शकतात. म्हणून क्लाउड ही तिसरी प्रत समजा. महत्त्वाचे कागद आणि निवडक फोटो तिथे ठेवा, आणि पासवर्ड घरातल्या दुसऱ्या माणसाला माहीत असू द्या.

एकाच जागी ठेवलेले एकदमच जाते : अजिंठ्याचा धडा

दूर जायला नको. पहूर, वाकोद ओलांडले की अजिंठ्याचा घाट लागतो. तिथल्या लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला नेमले. गिलने अनेक वर्षे तिथे राहून मोठमोठ्या कॅनव्हासवर चित्रे उतरवली. ती लंडनला गेली आणि तिथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली. १८६६ मध्ये त्या इमारतीला आग लागली आणि चित्रे जळाली. वाचली ती थोडी, जी त्या वेळी तिथे मांडलेली नव्हती.

मग मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा सगळ्या नकला केल्या. त्याही लंडनच्या संग्रहालयात गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यातल्या बऱ्याच नष्ट झाल्या. दरम्यान लेण्यांतल्या मूळ चित्रांचीही झीज होतच राहिली. ग्रिफिथ्सचे काम लोकांपर्यंत पोहोचले ते १८९६-९७ मध्ये छापलेल्या ग्रंथामुळे. ग्रंथाच्या प्रती अनेक ठिकाणी गेल्या, म्हणून एका आगीने सगळे संपले नाही. गिलचे निधन १८७९ मध्ये झाले आणि त्याची कबर भुसावळला आहे.

बहिणाबाई चौधरींचेही असेच. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी जी गाणी ऐकून वहीत उतरवली, ती १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि घराघरांत पोहोचली. जी कोणी उतरवली नाहीत, ती गेली.

आग लंडनलाच लागते असे नाही. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला तेव्हा चाळीसगावात घरांत, दुकानांत पाणी शिरले. अशा वेळी कपाटातली हार्ड डिस्क आणि टेबलावरचा कॉम्प्युटर दोन्ही एकत्रच बुडतात. दोन प्रती असूनही हाती काही राहत नाही.

म्हणून जगभरात ‘३-२-१’ हा नियम सांगितला जातो. पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरच्या पुस्तकामुळे तो प्रसिद्ध झाला. एकूण ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली १ वेगळ्या ठिकाणी. गावातल्या घराला तो असा लावता येईल : एक प्रत मोबाईल किंवा कॉम्प्युटरमध्ये, दुसरी घरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी दुसऱ्या गावी असलेल्या हार्ड डिस्कवर. निवडक कागद क्लाउडवर.

आखाजीला अदलाबदल, दिवाळीला तपासणी

दुसऱ्या गावी प्रत ठेवायची म्हणजे कुणाकडे? खान्देशात याचे उत्तर घरातच आहे. आखाजीला लेक माहेरी येते, दिवाळीला भाऊबीज असते. दोन हार्ड डिस्कपैकी एक माहेरी, एक लेकीच्या सासरी ठेवावी. आखाजीला ती येताना सोबत आणेल. त्यावर वर्षभराचे नवे फोटो टाकायचे आणि परत जाताना द्यायची. दिवाळीला दोन्ही लावून तपासायच्या. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्या मुलाकडेही एक ठेवता येते.

यात कागदपत्रेही असतील तर ड्राइव्हला पासवर्ड लावावा, कारण आधार, पासबुक असलेला ड्राइव्ह चुकीच्या हातात पडला तर नुकसान होते. पण पासवर्ड विसरला तर कंपनीही काही करू शकत नाही. तो घरच्या डायरीत लिहून ठेवावा. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी कागदपत्रे वेगळी ठेवून फक्त फोटो-व्हिडिओ बाहेर द्यावेत.

खरेदी करताना काय बघाल?

- ‘२ टीबीचा पेनड्राइव्ह ५०० रुपयांत’ कधीच घेऊ नका. असे ड्राइव्ह आतून ३२ किंवा ६४ जीबीचेच असतात, फक्त आकडा २ टीबी दाखवतात. जागा संपली की नवी फाईल जुन्यावर लिहिली जाते. नाव दिसते, फोटो उघडत नाही.
- नवा ड्राइव्ह आधी तपासा. विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ हे फुकट सॉफ्टवेअर पूर्ण जागा भरून आणि परत वाचून बघते. वेळ लागतो, पण नकली माल लगेच कळतो. माहिती टाकण्याआधीच ही तपासणी करा.
- कंपनी बघा. आज जगात हार्ड डिस्क बनवणाऱ्या तीनच मोठ्या कंपन्या उरल्या आहेत : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. डबा कुठल्याही नावाचा असला तरी आतली डिस्क यांच्यापैकीच कोणाची तरी असते. अनोळखी नावाच्या डब्यात जुनी, काढलेली डिस्क असू शकते.
- पक्के बिल घ्या. वॉरंटी बहुतेक वेळा २ ते ३ वर्षांची असते. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या. वॉरंटीत ड्राइव्ह बदलून मिळतो, आतली माहिती मिळत नाही.
- सेकंडहँड नको. बॅकअपसाठी वापरलेली हार्ड डिस्क घेण्यात बचत नाही.
- यूएसबी ३ असलेलीच घ्या. जुन्या यूएसबी २ वर १०० जीबी उतरवायला सुमारे तास लागतो, यूएसबी ३ वर हार्ड डिस्कचे तेच काम साधारण पंधरा-वीस मिनिटांत होते. लहान फायली खूप असतील तर वेळ वाढतो.
- दोन्ही ड्राइव्ह एकाच दिवशी, एकाच कंपनीचे घेऊ नका. एका लॉटमध्ये दोष असेल तर दोन्ही एकदम जातात.

किमती कायम बदलतात. २०११ मध्ये थायलंडच्या पुरात कारखाने बुडाले आणि जगभर हार्ड डिस्क महागल्या होत्या. घेण्याआधी दोन दुकाने आणि एक ऑनलाइन भाव बघावा.

मोबाईलमधून ड्राइव्हवर : अशी काढा प्रत

१. मोबाईल केबलने लॅपटॉपला जोडा. लॅपटॉप नसेल तर सेवा केंद्रात किंवा ओळखीच्या स्टुडिओत समोर बसून करून घ्या. आपला ड्राइव्ह तिथे सोडून येऊ नका.

२. फायली ‘कट’ करू नका, ‘कॉपी’ करा. मध्येच लाइट गेली तर कट केलेली फाईल दोन्हीकडून जाऊ शकते.

३. फोल्डरला वर्ष आधी लिहून नाव द्या. उदाहरणार्थ ‘२०२४-०५ लग्न’, ‘२०२३ बांध मोजणी’. दहा वर्षांनी शोधणाऱ्याला कळले पाहिजे.

४. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फायलींची संख्या आणि आकार जुळतो का बघा. दहा-वीस फोटो आणि दोन-तीन व्हिडिओ प्रत्यक्ष उघडा.

५. हेच दुसऱ्या ड्राइव्हवर करा. दोन्हीवर तपासून झाल्याशिवाय मोबाईलमधले काही काढू नका.

६. ‘सेफली रिमूव्ह’ करूनच केबल काढा.

ओटीजी केबलने ड्राइव्ह थेट मोबाईललाही लागतो. पेनड्राइव्ह आणि एसएसडी बहुधा चालतात. हार्ड डिस्कला मात्र मोबाईलची वीज अपुरी पडू शकते. टकटक आवाज आला तर लगेच काढा. अनेक मोबाईल ‘एनटीएफएस’ पद्धतीचा ड्राइव्ह वाचत नाहीत, त्यांना ‘एक्सफॅट’ लागतो. जुन्या ‘फॅट३२’ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही, म्हणून लग्नाचा मोठा व्हिडिओ त्यावर जात नाही. पद्धत बदलायची तर ड्राइव्ह फॉरमॅट करावा लागतो आणि आतले सगळे पुसले जाते, त्यामुळे हे काम ड्राइव्ह रिकामा असतानाच करा.

व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो पाठवला की त्याचा दर्जा कमी होतो. मूळ फोटो हवा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

संस्थांसाठी एक सूचना. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले ठराव आणि इतिवृत्त दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडले की अक्षरांच्या जागी वेडीवाकडी चिन्हे दिसतात. अशा फाईलची पीडीएफ करून तीही सोबत ठेवा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप घेतला तरी वर्षअखेरीचा ताळेबंद पीडीएफमध्ये आणि छापून ठेवावा.

ड्राइव्ह ठेवायचा कुठे?

- उष्णता : काही पोर्टेबल हार्ड डिस्कना चालू असताना ३५ अंशांपर्यंतच चालण्याची मुभा कंपनी देते. उन्हाळ्यात कॉपीचे काम सकाळी करा, दुपारी पत्र्याखाली नको. माळ्यावर, खिडकीत, गाडीच्या डिक्कीत ड्राइव्ह ठेवू नका.
- ओल : पावसाळ्यात भिंतीला ओल येते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. डबा जमिनीपासून उंच, मधल्या खोलीतल्या कपाटात.
- धान्याची कोठी नको : धान्यात टाकायच्या सल्फाससारख्या गोळ्यांतून फॉस्फिन वायू निघतो. तो माणसाला विषारी आहेच, शिवाय तांब्याचे जोड आणि सर्किट गंजवतो. फवारणीची औषधे आणि खते ठेवता त्या खोलीतही नको.
- वीज : लाइट ये-जा करते तेव्हा यूपीएस नसलेल्या कॉम्प्युटरवर कॉपी करू नका. बॅटरी चांगली असलेला लॅपटॉप बरा.
- कायम जोडलेला ठेवू नका : काम झाले की काढून ठेवा. खंडणी मागणारे व्हायरस जोडलेल्या सगळ्या ड्राइव्हवरच्या फायली कुलूपबंद करतात. २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर हेच केले. सुटा ठेवलेला ड्राइव्ह अशा वेळी वाचतो.

डब्यावर चिठ्ठी चिकटवा : कधी घेतला, आत काय आहे, शेवटचा कधी तपासला. घरातल्या किमान दोन माणसांना ही जागा माहीत हवी.

बिघडला तर काय कराल?

हार्ड डिस्कमधून टकटक किंवा खरखर आवाज आला की लगेच काढा. पुन्हा पुन्हा लावून बघितल्याने चकतीवर ओरखडे वाढतात. ‘फॉरमॅट करा’ असे आले तर ‘हो’ दाबू नका. पाण्यात भिजलेला ड्राइव्ह चालू करू नका, उन्हात किंवा तांदळात ठेवू नका. उघडून बघणे तर अजिबात नको. धुळीचा एक कणही चकती खराब करतो. माहिती परत काढून देणाऱ्या प्रयोगशाळा मोठ्या शहरांत आहेत, पण खर्च हजारांत जातो आणि हमी नसते. तेवढ्या पैशांत दुसरा ड्राइव्ह आधीच आला असता.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पैसे एकाच ड्राइव्हचे आहेत, काय करावे?
हार्ड डिस्क घ्या आणि ती दुसऱ्या गावी ठेवा. घरी मोबाईलमध्ये एक प्रत राहू द्या. सगळ्यात मोलाचे शंभर फोटो गुगलच्या फुकट जागेत टाका. आणि दहा-वीस फोटो स्टुडिओतून कागदावर छापून घ्या; कागदाला पासवर्ड लागत नाही.

ड्राइव्ह लावायचाच नाही, नुसता ठेवला तर जास्त टिकेल ना?
नाही. खराब झाला तरी कळणार नाही. वर्षातून दोनदा लावल्याने बिघाड वेळेत समजतो आणि दुसऱ्या प्रतीवरून नवी करता येते.

चुकून डिलीट झालेले परत मिळते का?
हार्ड डिस्कवर नवे काही लिहिले नसेल तर बऱ्याचदा मिळते. एसएसडीवर मिळणे अवघड, कारण ती पुसलेली जागा स्वतःच साफ करते. दोन्हीत पहिले काम म्हणजे वापर थांबवणे.

स्टुडिओवाल्याकडे आमच्या लग्नाची प्रत असेलच ना?
कामे वाढत जातात तशी जागा भरते आणि जुने पुसले जाते. किती दिवस ठेवणार हे ठरवतानाच विचारा आणि आपली प्रत आपणच जपा.

तपासणीच्या दिवशी नेमके काय करायचे?
दोन्ही ड्राइव्ह एकेक करून लावा. प्रत्येक वर्षाच्या फोल्डरमधला एक फोटो आणि एक व्हिडिओ उघडा. नवे असेल ते दोन्हींवर टाका. चिठ्ठीवर तारीख लिहा. पहिल्या वेळी दुपार जाईल, नंतर अर्ध्या तासात काम होते.